मागून येणाऱ्यांची वेळ

थंडी पडली की लोकांना हुरडा आठवतो, मला फक्की आठवते. मैदानावर रेघा मारायची ती पांढरी भुकटी. घमेलं कमरेवर घेऊन मुठीनं सोडत गेलं की रेघ सरळ पडते म्हणतात, पण मी मारलेली एकही रेघ कधी सरळ पडली नाही. दवानं भिजलेल्या गवतावर ती बसली की ओल्या भिंतीसारखा वास यायचा. नखांत गेलेली फक्की दिवसभर निघायची नाही, आणि परातीत हात घातला की आई म्हणायची, "आदी हात धू. पीठ कुठलं आन् फक्की कुठली, काय कळंना झालंय."

या आठवड्यात सांगलीत थंडी उतरली. सकाळी कुपवाडला कामावर निघाले तर शंभर फुटी रस्त्याच्या कडेनं पोरं पळत होती. त्यांच्या मागं मुली. तोंडाला रुमाल, केस घट्ट आवळलेले, कोपरं अंगाशी. म्हणजे पोलीस भरतीची जाहिरात निघाली. आमच्या भागात ऋतू तीन नाहीत, चार आहेत: उन्हाळा, पावसाळा, हिवाळा आणि भरती. माझ्या गाडीच्या शेजारून पहिली गेली, दुसरी गेली, तिसरी, चौथी. पाचवी आली आणि मी नजर काढून घेतली. गेले दोन हिवाळे असंच होतं. पाचवीकडे मला बघवत नाही. मी गाडीचा वेग वाढवला आणि निघून आले.

उंब्रजला आमच्या आळीतून भल्या पहाटे एक शिट्टी जायची, मेजरकाकांची. आमच्याकडे फौजेतून परत आलेला माणूस शिपाई असो की हवालदार, गावात तो मेजरच असतो. काका हवालदार म्हणून निवृत्त झाले होते आणि पहिली काही वर्षं मेजर म्हटलं की लाजायचे म्हणे, मग सवय झाली. गावाबाहेरच्या गायरानावर ते भरतीच्या पोरापोरींना पळवायचे. फी नाही. उलट काकूच मोड आलेले हरभरे आणि गुळाचा खडा डब्यात घालून द्यायच्या, पळून झालं की सगळ्यांना वाटायला. मुलींची तुकडी वेगळी. त्या वर्षी तिच्यात सात जणी होत्या. काकूंनी जुनी चादर फाडून छातीवर बांधायला सात फडकी केली होती आणि त्यांवर काळ्या ऑइलपेंटनं एक ते सात आकडे काढले होते. सहा आणि सात नंबरच्या दोघी नदीपलीकडच्या वस्तीवरून चालत यायच्या, आल्या आल्या बुटांतली वाळू झटकायच्या आणि कोणाशी न बोलता रेघेवर उभ्या राहायच्या.

धुकं असायचं. तारळी नदीकडून यायचं, उसाच्या फडांवरून. लांब हायवेवर ट्रक नुसता ऐकू यायचा, दिसायचा नाही. कुठंतरी पाचट पेटवलेलं असायचं, त्याचा गोडसर धूर घशात बसायचा. पोरी हातावर हात घासत उभ्या राहायच्या आणि काका शंभर मीटर लांब, शेवटच्या रेघेवर उकिडवे बसलेले. उजव्या हातात अंगठ्यानं दाबायचं घड्याळ. ते सुतळीनं गळ्यात बांधलेलं. डाव्या हातात लाल रुमाल. रुमाल खाली पडला की पळायचं. एका धावेला काका एकीचीच वेळ धरायचे, आज कोणाची पाळी ते मनाशी ठरवून. "सगळ्यांवर नजर ठिवली की कुनावरच ऱ्हात न्हाई," म्हणायचे. शंभर मीटरला त्यांनी आपल्या अंदाजानं एक हद्द आखली होती: पंधरा सेकंद. पंधराच्या आत आलीस तर मैदानात तरशील, बाहेर गेलीस तर आणखी राब.

मी तेव्हा कराडच्या कॉलेजातून नुकतीच इंजिनिअर होऊन आले होते. नोकरीचा पत्ता नाही आणि डोक्यात हवा भरपूर. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावतो, तशी मी एक दिवस गायरानावर गेले आणि काकांना म्हणाले, "काका, एकेकीची वेळ काय धरता? मी मशीन करून देते. सातही जणींची वेळ एका धावेत, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत." कुणी मागितलं नव्हतं. हे मला पुन्हा पुन्हा स्वतःला सांगावं लागतं. कुणीही मागितलं नव्हतं.

मशीन साधं होतं. शेवटच्या रेघेवर समोरासमोर दोन पहारी रोवायच्या. एकीवर लेसर, दुसरीवर तो प्रकाश घेणारा सेन्सर. मधून कोणी गेलं की प्रकाश तुटतो आणि सेन्सरकडून एक इशारा निघतो. आमच्या धंद्यात त्याला ट्रिगर म्हणतात. तो वायरीतून तळहाताएवढ्या एका बोर्डात जातो, बोर्डाकडून लॅपटॉपमध्ये, आणि माझा प्रोग्रॅम तो पकडून वेळ मांडतो. कोण कितवी आली ते बघून वेळेपुढं नंबर मी टाकायचे. पळायला सुरुवात झाली हे कळण्यासाठी एक बटण होतं. काकांचे दोन्ही हात अडकलेले, म्हणून ते त्यांच्या पायाखाली. रुमाल सोडायचा, अंगठा दाबायचा आणि टाचही दाबायची. "फौजेत येवडी कवायत नव्हती," काका म्हणाले, पण शिकले.

धुक्यात तो लेसर दिसायचा. एरवी दिसत नाही, पण त्या दिवसांत हवेतल्या थेंबांवर पडून तो दिसायचा, कमरेएवढ्या उंचीवर ताणलेला बारीक लाल दोरा. पूनम पहिल्या दिवशी त्याच्यापाशी वाकून म्हणाली होती, "अंजूताई, दोरा तोडल्यावर पाप लागत न्हाई नव्हं?" तीन नंबरचं फडकं तिचं. भावाचे बूट घालून यायची, पुढे चिंध्या कोंबलेल्या. बोलताना हसायची आणि पळतानाही हसत असल्यासारखी दिसायची, दात घट्ट मिटल्यामुळे. ती सहसा पाचवी यायची.

पूनमचे वडील, तात्या, गावचे कोतवाल. जन्मभर तलाठ्याच्या चावडीत दप्तर वाहिलेला, नोटिसा वाटलेला माणूस. त्यांनी लेकीला एक भरती दिली होती. या वर्षी झाली तर झाली, नाहीतर वैशाखात लग्न. स्थळ बघून ठेवलेलंच होतं. पूनमनं हे आम्हाला हरभरे खाता खाता सांगितलं होतं, जसं कोणी बसची वेळ सांगावी तसं. "मला खाकीच घालायची हाय. न्हाईतर मग हिरवा चुडा," म्हणाली होती.

पंधरवड्यानं मी पहिला तक्ता छापून आणला. नंबर, वेळ, आणि वेळेला रंग: पंधराच्या आत हिरवा, बाहेर लाल. रंगाची कल्पना माझी, आणि तिचं मला फार कौतुक. तालमीच्या दारावर तो चिकटवला. चार हिरव्या, तीन लाल. पाचवी आलेली पूनम: पंधरा छत्तीस. नेमकी त्या धावेला काकांच्या घड्याळात पूनमची पाळी होती.

"अंजू," काका तक्त्यासमोर उभं राहून म्हणाले, "ही पोरगी माज्या घड्याळात बसतीय. चौदा पाइंट सात."

"काका, माझ्याकडं पंधरा छत्तीस आलंय."

"येवडा फरक?"

"अंगठा आहे तो काका. डोळ्यानं बघायचं, मग डोक्याला कळायचं, मग अंगठा दाबायचा. त्यात वेळ जातो. मशीनला अंगठा नसतो."

काकांनी आपला अंगठा पाहिला. खरंच पाहिला, उलटा सुलटा करून. मग घड्याळ सुतळीसकट गळ्यातून काढलं आणि खिशात टाकलं. आज मला कळतं की मी बोलले ते धड बरोबरसुद्धा नव्हतं. अंगठ्याला उशीर झाला असता तर काकांची वेळ जास्त आली असती, कमी कशी येईल? पण हे मला सुचलं नाही, आणि त्यांना वाटलं, शिकलेली पोर बोलतेय.

त्यानंतर काका शेवटच्या रेघेवर बसायचे, पण हात मोकळे ठेवून. रोज तक्ता लागायचा. रोज चार हिरव्या आणि तीन लाल. पूनम हसायची थांबली. तिनं बुटांतल्या चिंध्या बदलल्या, सुरुवातीची बसकण बदलली, घरी मडक्यातलं पाणी पिऊन उपाशीपोटी पळून पाहिलं. तरी लाल. एकदा पळून झाल्यावर ती माझ्याजवळ आली. घामानं फडक्यावरचा तीन आकडा पोटाला चिकटला होता.

"ताई, एकदा मला एकटीला पळू द्या की. मशीनवर."

"एकटीनं पळून काय उपयोग?" मी लॅपटॉप बंद करत म्हणाले. "भरतीत घोळक्यातच पळायचं असतं."

बरोबरच होतं की नाही माझं म्हणणं? दिसायला तर किती बरोबर. मला त्या दिवशी कराडला एका मुलाखतीला जायचं होतं आणि साडी इस्त्री व्हायची होती. एक धाव, पंधरा सेकंद. तेवढा वेळ माझ्याकडे नव्हता.

तात्या तक्ता बघायला आले ते चावडीतून परस्पर, बगलेत दप्तर घेऊन. तीन नंबर कोणाचा हे त्यांना कोणी सांगायला नको होतं, ते फडकं त्यांच्याच दोरीवर वाळत असायचं. त्यांनी तीनच्या आकड्याखाली बोट ठेवलं आणि लाल वेळेपर्यंत आडवं नेलं, सातबारा वाचतात तसं.

"ह्यात चूकबीक आसती का गं?"

मी म्हणाले, "मशीन आहे ते तात्या."

"व्हय. कागदावर आलंय म्हनल्यावर," तात्या म्हणाले, आणि बगलेतलं दप्तर सावरून चालू लागले. मेजरकाका तिथंच होते. ते काहीतरी बोलतील असं मला वाटलं, पण ते खाली बघून पहारीला लागलेली माती काढत राहिले.

पूनमचं मैदानी परीक्षेचं पत्र आलं आणि ती गेलीच नाही. लोकांत हसं कशाला करून घ्यायचं, असं घरात ठरलं. वैशाखात लग्न झालं. मी गेले होते. बुंदी चांगली झाली होती, मठ्ठा मी दोनदा मागून घेतला. चुड्यात कोपरापर्यंत गेलेला तिचा हात हलवून म्हणाले, "जाऊ दे गं, चांगलं घर मिळालं." तोपर्यंत मला कुपवाडला नोकरी लागली होती.

कुपवाडच्या ज्या कारखान्यात मी लागले तिथं ओतकामाचे छोटे नग पट्ट्यावरून सरकत येतात. सेन्सरसमोर नग आला की ट्रिगर, ट्रिगरबरोबर कॅमेऱ्यानं फोटो, फोटोत तडा दिसला की पुढचा दांडा तो नग बाजूला ढकलणार. प्रोग्रॅम माझाच. एक दिवस चांगले नग भंगारात पडू लागले आणि तडकलेले पेटीत जाऊ लागले. सकाळपासून मी स्क्रीनसमोर बसून होते. दस्तगीरभाई म्हणून तिथले जुने फिटर आहेत, ते कॉम्प्युटरकडे कधी बघत नाहीत. ते पट्ट्याकडे बघत उभे राहिले, चहाचा कप संपेपर्यंत, आणि मग म्हणाले, "म्याडम, पयला नग बरोबर पकडतंय. तेच्या पाठोपाठ दुसरा आला की चुकतंय. लांब लांब सोडले तर एक बी चुकत न्हाई. बघा सोडून."

सोडून पाहिले. एक बी चुकला नाही.

काय होत होतं ते सांगते, अवघड नाही. चावडीत अर्ज आला की त्यावर आवक शिक्का मारतात. आता समजा, कारकून अर्ज आल्या आल्या शिक्का मारत नाही, हातातलं काम संपवून जेव्हा तो अर्ज उचलेल तेव्हा मारतो. पहिला अर्जदार सुटला. दुसरा पहिल्याच्या कामापुरता खोळंबला. तिसरा दोघांच्या. शेवटचा सकाळी येऊन उभा असला तरी त्याच्या कागदावर दुपार पडणार. माझा प्रोग्रॅम तसा कारकून होता. इशारा कधी आला ते तो लिहीत नव्हता, आपण तो कधी वाचला ते लिहीत होता. आणि एक वाचला की फाईलमध्ये साठवायचा, पडद्यावर रंगवायचा, मग पुढच्याकडे वळायचा.

पट्टा बंद होता. शेडमध्ये कटिंग ऑइलचा वास. मी दस्तगीरभाईंना बरं म्हणाले, चहा प्यायले, प्रोग्रॅम दुरुस्त करायला घेतला, आणि मधेच माझे हात थांबले. कारण पडद्यावर रंगवायचा तो तुकडा मी नव्यानं लिहिलेला नव्हता. जुन्या एका कामातून उचलला होता. हिरवा आणि लाल.

घरी जाऊन जुनी फाईल शोधली. बोर्डाला स्वतःचं एक घड्याळ असतं. इशारा आला त्या क्षणाचा आकडा तो आपल्याकडून पाठवतच होता. शेवटच्या रकान्यात सगळे पडून होते, मी तो रकाना कधी उघडून पाहिलाच नव्हता. त्यातून सुरुवातीचा आकडा वजा केला. काकांच्या घड्याळाशी गाठ पडली होती त्या दिवसाची पाचवी ओळ: चौदा एकाहत्तर. दुसऱ्या दिवशीची: चौदा अडुसष्ट. तिसऱ्या दिवशीची: चौदा ऐंशी. ती एकदाही पंधराच्या बाहेर गेली नव्हती.

मशीन करून झाल्यावर मी त्याची चाचणी घेतली होती, हे खोटं नाही. वीस-पंचवीस वेळा त्या लाल दोऱ्यातून मी स्वतः पळाले होते, दम लागेपर्यंत. दर वेळी वेळ बरोबर. मी एकटी पळत होते. माझ्या पुढं कोणी नव्हतं. आणि जुना तक्ता पुन्हा पाहिला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली, जी शाळेतल्या पोरालाही दिसली असती. पहिली आणि दुसरी यांत जेवढं अंतर तेवढंच दुसरी आणि तिसरीत, तेवढंच तिसरी आणि चौथीत. पायलीनं मापल्यासारखं. माणसं अशी पळत नाहीत. तो माझ्या कारकुनाचा एक अर्ज उरकायचा वेळ होता.

त्याला दीड वर्ष झालं. दीड वर्ष मी हे कोणाला सांगितलं नाही. कारणं माझ्याकडे पैशाला पासरी होती. झालं ते झालं. तिचा संसार सुरू आहे, त्यात कशाला खडा टाका. तिला मूल आहे. मैदानात निवड झाली असती हे तरी कशावरून, लेखी परीक्षा पुढं होतीच. ही सगळी खरी कारणं आहेत आणि एकही खरं नाही. खरं एवढंच की गावात माझं नाव होतं. पोरीनं मशीन केलं. लोक अजून सांगतात, आणि मी ऐकून घेते.

पण या आठवड्यात त्या पाचवीकडे न बघता निघून आले आणि दिवसभर पट्ट्यावरचा प्रत्येक नग मला पाठ दाखवून जातोय असं वाटलं. रविवारी उंब्रजला गेले. काका ओट्यावर बसून लसूण सोलत होते. गायरानाच्या बाजूनं आले तेव्हा पाहिलं, तिथं आता उसाच्या ट्रॉल्या लावतात. गुडघा दुखतो म्हणून काकांनी पळवणं सोडलं, असं आई मागं फोनवर म्हणाली होती.

"काका, त्या वेळी तुमचं घड्याळ बरोबर होतं. माझं मशीन चुकत होतं."

काकांनी हातातली पाकळी सोलून वाटीत टाकली. मी बोलत गेले. अर्ज, शिक्का, कारकून, सगळं. त्यांना सगळं समजलं. फौजेत बारा ठिकाणच्या रांगांत उभा राहिलेला माणूस.

"मला वाटलं, अंगठा म्हातारा झाला," काका म्हणाले. "चौदा सात मी डोळ्यानं बघितल्यालं. पर म्हनलं, आपलंच चुकत आसंल. आन् मग आजपतूर किती पोरांच्या येळा चुकीच्या धरल्या आसतील, ह्यो इचार काय जाईना. म्हनून सोडलं."

"गुडघा..."

"गुडगा लोकान्ला सांगायला."

त्यांनी वाटी बाजूला सारली. "कवापास्नं ठावं हाय तुला?"

"दीड वर्ष."

"तिला सांगितलंस?"

"नाही."

"मग माज्याकडं आदी कशाला आलीस? माजं काय पळायचं वय हाय व्हय?"

रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. ते चढ्या आवाजात बोललेच नाहीत. निघताना काकूंनी सोललेला लसूण पुडीत बांधून दिला, आणि तो मी घेतला.

पूनम पलूसच्या पुढं एका गावात असते. काल गेले. गाडीवर दीड तास, दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या बागा, आणि डिकीत लॅपटॉप आणि एक कागद. कागदावर मी फक्त तिच्या वेळा नव्यानं काढून छापल्या होत्या. तारीख, तेव्हा लावलेली वेळ, खरी वेळ. या खेपेला रंग दिला नव्हता.

ती पडवीत शिलाई मशीनवर बसली होती. पायाखाली पायडल, मांडीवर कोणाचा तरी ब्लाऊज, आणि मशीनच्या पायाला धरून उभी असलेली तिची मुलगी. सासूबाईंनी पाणी दिलं, चहा ठेवायला आत गेल्या. मी फार लांबण लावली नाही. लांबण लावली की आपण सुटतो, हे मला आता कळतं. म्हणाले, "पूनम, तू पंधराच्या आत होतीस. रोज. मशीन चुकत होतं, आणि चूक माझी होती." आणि कागद दिला.

तिनं तो वाचला. वरून खाली, मग पुन्हा वरून. शिवताना धरलेली सुई तिच्या ओठांत होती, ती काढून तिनं पदराला टोचली.

"मी म्हनले हुते, एकटीला पळू द्या."

"हो."

"तवा कळलं आसतं."

"हो. तेव्हाच कळलं असतं."

"आमचं तात्या आजून म्हनत्यात, पोरीचं पाय कमी पडलं." ती हे माझ्याकडे न बघता म्हणाली. "मला बी तसंच वाटायला लागल्यालं. बस सुटली तर मी पळत न्हाई ताई. म्हनते, मला कुटं गावतीय." मग विचारलं, "पर चुकलं कसं? पुढच्या चौगी बरोबर आन् मीच चुकीची कशी?"

मी पुन्हा चावडी, कारकून आणि शिक्का सांगितला. ती ऐकत होती. मुलीनं पायडल ओढलं तसं तिचं बोट बाजूला केलं आणि ऐकत राहिली. "वय बसतंय अजून तुझं," मी म्हणाले. "जाहिरात निघालीय. फॉर्म मी भरते, तात्यांना मी सांगते, पाया पडते त्यांच्या." मी बोलतच होते. हे सगळं वाटेत पाठ करून आले होते. बागांमधून गाडी चालवताना मला थोडं हलकंही वाटायला लागलं होतं, ते कबूल केलं पाहिजे.

पूनमनं कागद उलटा केला. मागे कोरा होता. पुन्हा सुलटा केला.

"आन् माज्या मागं दोगी हुत्या, त्यांचं?"

मी बाहेर उभ्या गाडीच्या डिकीकडे पाहिलं.

"पुढच्याचं उरकंस्तवर मागचा खोळंबतोय म्हनतीस. मग मला येवडा उशीर लागला, तर त्यास्नी माज्यापरास जास्त लागला आसंल की." ती आता अगंतुगंवर आली होती. "त्यांचं काडलंस का?"

नव्हतं काढलं. दीड वर्ष ती फाईल मी उघडत होते, मिटत होते, आणि प्रत्येक वेळी पाचव्या ओळीवर थांबत होते. सहावी आणि सातवी ओळ तिच्याच खाली होती. मला तर त्यांची नावंही आठवत नव्हती, नुसते फडक्यांवरचे आकडे आणि बुटांतून झटकलेली वाळू.

पूनमला ते माझ्या तोंडावर दिसलं असणार. तिनं मशीनच्या खणातून पेन काढलं, कागदाच्या कोऱ्या बाजूवर दोन नावं लिहिली, नावांपुढं गावं लिहिली. "ही सविता. डेरीत हाय, दुदाचं क्यान उचलती. आन् ही शोभा, तिला मायणीकडं दिलीया. आदी ह्यांच्याकडं जा. माजं मग बगू." कागद माझ्या हातात देऊन तिनं पायडलवर पाय ठेवला आणि ब्लाऊज सुईखाली सरकवला. मग मशीन चालवता चालवताच म्हणाली, "पळीन मी. न्हाई म्हनत न्हाई. पर येळ धरायला मेजरकाकांना आन. तुजं मशीन नगं."

चहा पिऊन निघाले. गावाबाहेर चिंचेखाली गाडी उभी केली, सीटवर लॅपटॉप ठेवला आणि फाईल उघडली. पहिल्या तक्त्याचा दिवस. पाचवी ओळ ओलांडून खाली जायला बोट तयार नव्हतं. तक्त्यावर सहा नंबरला मी पंधरा त्र्याहत्तर लिहिलं होतं, सात नंबरला सोळा शून्य नऊ, दोन्ही लाल. शेवटच्या रकान्यातून वजाबाकी केली. एकदा केली, पुन्हा केली.

सविता चौदा ब्याण्णव. शोभा चौदा अठ्ठ्याण्णव. त्या दिवशी सातही जणी आत होत्या.